साबण कारखान्यापासूनचा पत्ता

ते साल २०११. एरेदिया गावात कॉफीची तोडणी नुकतीच सुरू झाली होती, आणि त्याच आठवड्यात ओतिलिया सेलेदोनला तिच्या इंटरनेट कंपनीची सूचना आली: डिसेंबरअखेर आमची ईमेल सेवा बंद होत आहे, आजवरच्या साथीबद्दल आभार.

ओतिलिया शाळेत निसर्गविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. एरवी तिनं ती सूचना वाचून सोडून दिली असती. पण तिचा धाकटा भाऊ एफ्राइन मालवाहू जहाजावर आचारी होता. फोन त्याच्याकडे टिकत नसे. स्वतःचा ईमेल पत्ता दर खेपेला नवा, कारण जुन्याचा पासवर्ड तो विसरलेला असायचा. वर्षा-दीड वर्षानं कुठल्यातरी बंदरातून चार ओळी येत. बहिणीचा पत्ता तेवढा त्याला तोंडपाठ होता. तो पत्ता गेला की भाऊ गेला.

रविवारी बहिणीची मुलगी योर्लेनी आली. बँकेत काम करायची, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारखी. गुळवण्याचा कप हातात घेऊन तिनं सूचना वाचली.

"एवढंच ना, मावशी? फुकटचा पत्ता घे. सगळं जग वापरतं."

"आणि उद्या त्यांनी गाशा गुंडाळला तर?"

"एवढी मोठी कंपनी?"

"साबणाचा कारखाना काय लहान होता?"

योर्लेनीनं कपाळावर हात मारला. गावात पत्ते खुणेवरूनच सांगत, आणि या घराचा पत्ता असा होता: पूर्वीच्या साबण कारखान्यापासून दोनशे मीटर पूर्वेला, हिरवं फाटक. कारखाना कधीच पाडला होता, तिथं टायरचं दुकान होतं. योर्लेनीनं तो उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण टॅक्सीवाल्याला तीही तेच सांगायची.

"बरं बाई, मग काय करायचं म्हणतेस?"

"दारावरची पाटी माझ्या मालकीची हवी. घर भाड्याचं चालेल."

योर्लेनीच्या डोक्यात प्रकाश पडला. स्वतःचं नाव इंटरनेटवर नोंदवायचं, त्याच नावानं ईमेल, त्याच नावानं वेबसाइट. आज ते सामान एका कंपनीत ठेवायचं, उद्या ती बिघडली तर उचलून दुसरीत. पत्ता तोच राहतो. "दरवर्षी पैसे भरावे लागतील हं," ती म्हणाली.

"पाणीपट्टीसुद्धा भरतेच की."

नाव नोंदवून झालं. आता सामान कुठं ठेवायचं? ओतिलियानं तीन कंपन्यांना एकच प्रश्न पाठवला: तुम्ही बंद झालात, तर माझी पत्रं आणि फोटो मी कसे घेऊन जाऊ? एकीकडून यंत्राचं उत्तर आलं, ऐंशी पानांच्या नियमांकडे बोट दाखवणारं. दुसरी गप्पच राहिली. तिसरीकडून एका बाईनं स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की हे आम्हाला कुणी विचारत नाही, पण असं असं करा, आणि दर महिन्याला एक प्रत घरी ठेवा.

"हीच," ओतिलिया म्हणाली.

"सगळ्यात महाग तीच आहे!"

"जी स्वतःच्या मरणाबद्दल सरळ बोलते, तिच्याकडे मी राहीन."

वेबसाइटवर बार्वाच्या डोंगरातल्या नेच्यांचे फोटो चढले. ओतिलियानं ते जन्मभर जमवलेले. मग तिनं सांगितलं, "आता सगळ्यात वर माझा जुना पत्ता लिही. पूर्ण."

"बंद पडलेला? अगं, लोक त्याच्यावरच पाठवत बसतील!"

"लिही: पूर्वी इथं राहणारी ओतिलिया, आता खालच्या पत्त्यावर."

"मावशी, मेलेला पत्ता कोण लिहितं?"

"आपल्या गावात कोण लिहीत नाही?"

योर्लेनी हसत हसत लिहू लागली, पण तिला ते पटलं नव्हतं.

डिसेंबर सरला. नाताळात मक्याचं तमाले गुंडाळलेली केळीची पानं वाळून गेली. जुना पत्ता बंद झाला. ओतिलिया रोज सकाळी कॉफी गाळता गाळता नवा पत्ता उघडायची. नेच्यांबद्दल कुणी काही विचारलेलं असायचं, नाहीतर काहीच नसायचं. योर्लेनी विचारायची नाही. मावशीच्या चेहऱ्यावरून तिला कळायचं. एक पावसाळा गेला. दुसरी तोडणी आली.

मग एका सकाळी ग्वायाकिल बंदरातून चार ओळी आल्या. जुन्या पत्त्यावर पाठवलेलं एफ्राइनचं पत्र त्याच्याकडे परत आलं होतं. तासभर तो बंदरावरच्या इंटरनेटच्या दुकानात नुसता बसून राहिला. मग त्यानं तोच परतलेला पत्ता शोधायच्या रकान्यात टाकून पाहिला, कारण बहिणीला विचारायची दुसरी जागा त्याला माहीत नव्हती. पत्राची पहिली ओळ होती: "ताई, साबण कारखाना सापडला."

ओतिलियानं ते दोनदा वाचलं आणि योर्लेनीला बँकेत फोन लावला. योर्लेनी काउंटरवरच रडली. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, खात्याचं काहीतरी बिघडलं.

एफ्राइन पुढं जहाज सोडून पुंतारेनासला राहिला, किनाऱ्यावर तळलेले मासे विकू लागला, आणि नवे पासवर्ड तिथंही विसरत राहिला. उत्तर पाठवणाऱ्या त्या बाईची कंपनी काही वर्षांनी खरंच बंद पडली. तिनं आधी कळवलं, आणि योर्लेनीनं एका दुपारीत सगळं सामान दुसरीकडे हलवलं. कुणाला पत्ताही लागला नाही. योर्लेनी आता बँकेची व्यवस्थापक आहे. ओतिलिया स्वतःच्या अंथरुणात, शांतपणे गेली. दर वर्षी तिच्या नावाचे पैसे योर्लेनी भरते. टायरच्या दुकानाच्या जागी औषधांचं दुकान आलं आहे. हिरवं फाटक आता निळं आहे, आणि टॅक्सीवाल्याला योर्लेनी सांगते: पूर्वीच्या साबण कारखान्यापासून दोनशे मीटर पूर्वेला, पूर्वीचं हिरवं फाटक.