चढावर थांबणारा डबा

मित्रांनो, मी जुना आहे. पण किती जुना, ते मला सांगता येत नाही. मला दोनदा पुसलं आहे.

मी बॅटरीवर चालणाऱ्या एका दुचाकीचा कंट्रोलर आहे. जेवणाच्या डब्याएवढी माझी ॲल्युमिनियमची पेटी सीटखाली बसवलेली असते. बॅटरीकडून वीज माझ्याकडे येते आणि निळ्या, पिवळ्या, हिरव्या अशा तीन जाड तारांमधून ती मी मागच्या चाकातल्या मोटरला देतो. किती द्यायची, ते मी ठरवतो. मला डोळे नाहीत, ऐकू मात्र येतं. गाडी चालवणारा मूठ पिळतो किंवा ब्रेक दाबतो, तेवढ्यावरूनच मला माणूस कळतो.

लॅपटॉप जोडला की माझ्या आतलं लिखाण बदलता येतं. जुनं पुसलं जातं, नवं लिहिलं जातं. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. जिथे पुसलं आहे, तिथे मी जागा मोकळी सोडीन.

( इथे कारखाना होता. )

पुसण्याआधीचं जे सांगतो आहे, ते मी नंतर मोहटोल्यातल्या अंगणात ऐकलं. तिथे रोज त्यावरूनच वाद होत असे.

मोहटोला जंगलाच्या आत आहे. बापूराव गावातच गवंडीकाम करतात. त्यांची मुलगी पिंकी मूल या तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकते. तिच्या तुकडीत ती एकटी मुलगी. गाव आणि मूल यांच्या मध्ये जंगलाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर वाघ आहे. कधीतरी दिसणारा नव्हे. राहणारा.

म्हणून तिथे कोणी एकटं जात नाही. सकाळी गावाकडच्या टोकाला आणि दुपारनंतर मूलकडच्या टोकाला, बेहड्याच्या झाडाखाली सगळ्या गाड्या जमतात आणि एकत्र निघतात. याला तिथे ‘सोबत’ म्हणतात. पुढे वनमजूर देवाजीची मोटरसायकल, मागे बाकीचे.

पिंकी चालवायची ती माझी गाडी परवाना न लागणाऱ्यातली, म्हणून हळू. सोबत पुढे निघून जायची. मधल्या चढावर, बोडीपाशी, मी उन्हाने तापायचो. बोडी म्हणजे लहान तळं. उन्हाळ्यात जनावरं तिथेच पाण्यावर येतात. ठरावीक मर्यादेपलीकडे तापलो की मी वीज तोडायचो, माझा लाल दिवा लुकलुकायचा आणि निवेपर्यंत गाडी थांबायची. सोबत चढाच्या पलीकडे वाट पाहत राहायची.

“आली का बैलगाडी?” पेट्रोलच्या टाकीवर कोपर टेकून सोबतीतला अजय विचारायचा. “अवो पिंकीताई, पुढच्या बारीले चारा टाकून आणत जा तिले.”

पिंकी घरी येऊन हे हसत सांगायची. बापूराव हसत नव्हते.

“सोबत असून माही पोट्टी चढावर एकटीच,” ते म्हणाले. “हे नाई चालत. गाडी तरी धावली पाहिजे, नाई तर कोर्स बंद.”

पिंकीची अंतिम परीक्षा महिन्यावर आली होती.

*

मूलमध्ये फारूकभाईंचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. बॅटरीच्या गाड्यांचं काम त्यांची मुलगी नाहीद बघते. तिने मला सीटखालून बाहेर काढलं, एक बारीक केबल लावली आणि लॅपटॉप प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवला.

“वेग वाढवते काका. करंट पण वाढवते,” नाहीद म्हणाली. “पण मग हा लवकर गरम होईन.”

“गरम होऊनच तर बंद पडते तो,” बापूराव म्हणाले. “ते बंद पडणंच काढून टाक ना.”

आतून फारूकभाईंचा आवाज आला, “नाहीद, वो मत निकाल, बेटा.”

“अब्बू, एकच महिना पाहिजे. परीक्षा झाली की परत टाकते.”

“बाई, चढावर वाघ उभा असला तर त्याले सांगू का, थांब बा, डब्बा निवू दे?” बापूराव म्हणाले.

नाहीद लॅपटॉपकडे वळली. उष्णतेच्या ओळीपुढे एक छोटी बरोबरची खूण होती. नाहीदने ती काढून टाकली. लॅपटॉपने विचारलं, नक्की का? तिने हो म्हटलं.

(                                        )

*

मित्रांनो, इथून पुढचं मला स्वतःला आठवतं.

मी जागा झालो तेव्हा माझ्या अंगात भलताच जोर होता. पिंकीची मूठ मी पहिल्यांदा ओळखली. वेल्डिंग करणाऱ्याचा हात थरथरत नाही. ती मूठ पिळायची तीही एका रेषेत. आम्ही सोबतीच्या मधोमध धावू लागलो. मग पुढच्या गाड्यांमध्ये.

“अबे! बैलगाडीले पंख फुटले!” अजय ओरडला.

सगळे माझं कौतुक करत होते. बापूराव संध्याकाळी सीटवर थाप मारून म्हणायचे, “आता कशी!” मी तापत होतो. ते सांगायची माझी एकच रीत होती: थांबणं. ती माझ्याकडून काढून घेतली होती. लाल दिवा होता, पण तो कधी लावायचा, हे माझ्यात लिहिलेलंच नव्हतं.

चैत्र संपत आला. त्या दुपारी आयटीआय सुटल्यावर सोबत बेहड्याखालून निघाली. थोडं पुढे गेल्यावर कोणाच्या तरी गाडीची चेन उतरली. सगळे थांबले. पिंकी थांबली नाही. तिची मूठ पूर्ण पिळलेली होती. पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या पुढे होती आणि तिला ते आवडलं होतं, हे मला मुठीतून कळत होतं.

चढ लागला.

मी तापलो. मर्यादा आली. मर्यादा गेली.

मूठ अजून पिळलेली.

पिवळ्या तारेपाशी माझ्या आत काहीतरी टच् झालं.

आणि मग चाक.

गाडी एक हिसका देऊन थांबली. पिंकीने दोन्ही ब्रेक दाबले, सोडले, पुन्हा दाबले. ती उतरली आणि ढकलू लागली, चाक फिरेना. माझ्यातला एक भाग जळून त्याची टोकं एकमेकांना चिकटली होती, आणि तसं झालं की मोटर स्वतःच स्वतःला धरून ठेवते. उपाय सोपा होता. नाहीदने गाडी देतानाच सांगितला होता: खाली बस, सीटखालच्या तीन जाड तारा ओढून काढ, चाक मोकळं होईन.

खाली बस.

पण जंगलात लहान मुलंसुद्धा दुसरी गोष्ट आधी शिकतात. मोहफुलं वेचताना, पानं तोडताना जी माणसं वाघाने मारली, ती बहुतेक वाकलेली होती. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो. वाकलेला माणूस दुसरंच काहीतरी दिसतो.

बोडीच्या बाजूने वानर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतं तसं. एकदा. मग लागोपाठ. मग चितळाची शिट्टी, तीक्ष्ण, जवळून.

मग काहीच नाही. पाखरूही नाही.

“वाकाचं नाई,” पिंकी म्हणाली. मोठ्याने. “पिंकी, वाकाचं नाई. पळाचं नाई.”

तिची पाठ गाडीला टेकली. मला ते सीटच्या हलण्यावरून कळलं.

मित्रांनो, सोबत येत होती. पण कोणालाही घाई नव्हती. जो मागे राहतो त्याची लोक वाट पाहतात. जो पुढे गेला, त्याची कोणी पाहत नाही. ‘पिंकी तर पोहोचली असन,’ असंच सगळे म्हणाले असतील.

मी तिला काही देऊ शकत नव्हतो. चाक माझ्या हातून गेलं होतं. पण बॅटरी भरलेली होती आणि हॉर्नची तार माझ्यातून जात नाही. तिचा अंगठा हॉर्नवर गेला, तेव्हा बॅटरीकडून येणारा दाब किंचित खाली आला. ते मला आतून कळलं. ती सोडील म्हणून मी वाट पाहिली. तिने सोडलं नाही.

आमचा हॉर्न कसला! चिमणीच्या तोंडाचा. सगळे त्याला हसायचे.

दाब खालीच राहिला.

खालीच.

खालीच.

मध्ये एकदा सीट जोरात हलली. हॉर्नकडची ब्रेकची दांडी करकचून आवळली गेली आणि तशीच राहिली. तिने काय पाहिलं, ते तिने कोणालाच नीट सांगितलेलं नाही. अंगठा मात्र हलला नाही. वेल्डरचा हात.

देवाजीची एक सवय आहे. चढाच्या पायथ्याशी तो इंजिन बंद करतो आणि सगळ्यांना करायला लावतो. बोडी ओलांडण्याआधी जंगल काय म्हणतं, ते तो ऐकतो. त्या दिवशी त्याने इंजिन बंद केलं आणि त्याला चिमणीच्या तोंडाचा हॉर्न ऐकू आला. न थांबणारा.

इंजिनांचा आवाज चढ चढून आला. गाड्या आमच्याभोवती थांबल्या.

“वाकली नाईस ना?” देवाजीचा पहिला प्रश्न.

“नाई, मामा.”

“बरं केलं. सोड आता ते हॉर्न.”

“सुटून नाई राह्यलं,” पिंकी म्हणाली. देवाजीने तिचा अंगठा हाताने उचलला.

मग त्याने रस्त्याकडेच्या दबलेल्या गवताकडे पाहिलं. त्याने सगळ्यांना इंजिनं चालू ठेवायला लावली. माणसं गोल करून पाठीला पाठ लावून उभी राहिली. त्या गोलाच्या आत अजय खाली बसला आणि त्याने माझ्या तीन तारा ओढल्या. त्याची बोटं भाजली. तो त्या वेळी बैलगाडी म्हणाला नाही.

*

दुसऱ्या दिवशी नाहीदने माझं झाकण उघडलं. आत काळा डाग होता आणि जळक्या वासाने दुकान भरलं.

“चूक माही आहे,” ती म्हणाली.

“म्या काढाले लावलं,” बापूराव म्हणाले. “जाऊ दे. गाडी विकतो. कोर्स पण नाई, काही नाई. पोट्टी जिती राहिली, तेवढं बस झालं.”

फारूकभाईंनी नवा सुटा भाग नाहीदच्या हातावर ठेवला. जुना काढणं, नवा बसवणं, डाख देऊन तो जोडणं, सगळं ती खाली मान घालून करत होती. पिंकी शेजारी उभी राहून बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “पातळ पत्र्याले जास्त करंट दिला तर काय होते?”

“मले काय विचारतेस?”

“भोक पडते. पहिल्या दिवशी शिकवतात आमाले. तिथं मी एक पत्रा खराब नाई केला. घरच्या गाडीले पाडलं भोक.” मग ती नाहीदकडे वळली. “दीदी, सगळं पहिल्यासारखं कर. हळू. गरम झाला की थांबू दे त्याले.”

“मंग पुन्हा मागं राहशीन!” बापूराव ओरडले.

“नाई राहत. पुढं राहीन.”

“हळू गाडी पुढं कशी राहीन?”

“सगळ्यायच्या आधी मी निघीन. बाकीचे माह्या मागं. कोणी ओलांडाचं नाई.”

बापूराव तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “लोक ऐकतीन?”

“विचारल्याबिगर कसं सांगू?”

नाहीदने केबल लावली. उष्णतेच्या ओळीपुढे तिने खूण केली, आणि ती राहिली आहे ना, हे पिंकीला बोटाने दाखवलं. मित्रांनो, मला भीती वाटत होती. ती वेल्डरची मूठ, न सुटलेला अंगठा, खालीच राहिलेला दाब, हे सगळं आता पुसलं जाणार होतं. लॅपटॉपने विचारलं, नक्की का?

(                                        )

पण काळा डाग धातूवर होता. तो पुसला गेला नाही. पुढे अंगणात लोक बोलायचे, ते मी त्या डागाभोवती ऐकत गेलो आणि तुम्हाला आता सांगितलं ते सगळं परत आठवत गेलं.

*

सोमवारी सकाळी गावाकडच्या टोकाला पिंकीने गाडी सर्वांत पुढे नेऊन उभी केली. बापूराव हाताची घडी घालून बाजूला थांबले होते. लोक म्हणाले, काऊन बाप्पा, आज काय वरात आहे?

“हिच्या मागं चालाचं?” अजय म्हणाला. “अबे, पोहोचेपर्यंत माही दाढी वाढन!”

“मंग तू जा पुढं,” देवाजी शांतपणे म्हणाला. “एकटा जा. जा ना. कोण अडवते?”

अजयने जंगलाकडे पाहिलं. मग त्याने गाडी आमच्या मागे घेतली.

आम्ही निघालो. हळू. मागे सगळ्या इंजिनांचा आवाज एका ठेक्यात. पिंकीची मूठ पुन्हा नव्याने ओळखायला लागलो मी. आणि चढ आला, ऊन आलं, मी तापलो, मर्यादा आली.

मी थांबलो. लाल दिवा लुकलुकला.

मागे सगळी सोबत थांबली. देवाजीने हात वर केला. एकेक इंजिन बंद झालं. कोणी हॉर्न दिला नाही. सगळे ताठ उभे राहून बोडीकडे कान देत राहिले.

कोणीतरी मागून हळूच विचारलं, “काय झालं?”

“काही नाई,” अजय म्हणाला. “डब्बा दम खाऊन राह्यला. खाऊ द्या.”

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला मोठं काही सांगता येत नाही. पण एखादं यंत्र तुमच्या हाताखाली मध्येच थांबलं, तर त्याच्यातलं थांबणं काढून टाकण्याआधी त्याला एकदा हात लावून बघा. आणि तुमच्या सोबतीत सर्वांत हळू कोण आहे, तेही बघा. त्याला मागे सोडू नका, त्याला पळायलाही लावू नका.

बोडीवर वानरं निवांत होती. मी निवलो. पिंकीने मूठ पिळली, अगदी एका रेषेत.