भुईचाफ्याकडे पाठ

पुढची बाजू

मला वाचता येत नाही, मित्रांनो. माझ्या अंगावर काय लिहिले आहे, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकले. ‘फुले तोडू नका. पायवाट सोडू नका.’ मी सागाची एक पाटी आहे आणि आता पुष्कळ जुनी झाले आहे.

त्याआधी मी बैलगाडीची फळी होते. गाडी सेवकरामची. धानाची पोती माझ्यावरून तिरोड्याच्या बाजाराला जात आणि परतताना रिकाम्या गाडीत त्याची बायको भागीरथा माझ्यावर बसून येई. पुढे सेवकराम वारला. बैल गेले. गाडी अंगणात उभी राहिली आणि बाकीच्या फळ्या एकेक करून चुलीत गेल्या. मी वाचले, कारण मी सरळ होते. आत्मवृत्तात याहून मोठे कारण शोभले असते, पण खरे तेवढेच आहे.

बोदलकसा तलावाच्या वरच्या अंगाला जंगल आहे. तिथे मोहाच्या झाडांमध्ये एक खोलगट जागा आहे. मोहाचा बहर ओसरू लागला की त्या जागेत भुईचाफा फुलतो. त्या वेळी त्याला पान नसते, देठ दिसत नाही. वाळक्या पानांच्या थरातून फूल सरळ जमिनीतूनच वर येते. पांढरे, आत जांभळे. हे वर्णन माझे नाही, ऐकीव आहे. का, ते मागच्या बाजूला सांगते.

तलावावर फिरायला येणारे लोक त्या फुलांपर्यंत पोहोचले. कुणी ती केसांत माळली, कुणी कुंडीत लावायला कंद उपटून नेले. भागीरथाबाईच्या बहिणीची मुलगी स्नेहल तिरोड्याला शाळेत शिकवते. तिला हे पाहवले नाही. तिने मला अंगणातून उचलले, घासले, पांढरा रंग दिला आणि हिरवी अक्षरे काढली. दोन बांबूंवर ठोकून तिने मला त्या खोलगट जागेच्या तोंडाशी उभे केले.

मागची बाजू

पाटीला तोंड एकच असते आणि ते लोकांकडे असावे लागते. माझी पाठ फुलांकडे होती.

ज्यांची मी राखण करत होते, त्यांना मी पाहिले नाही. पहाटे वास येई. मागे कुणीतरी आले आहे, एवढे कळे. बाकी सगळे मी माणसांच्या चेहऱ्यांवर वाचले. तेवढे वाचन मला जमते. मोठ्याने बोलत येणारा माणूस माझ्या खांद्यावरून पलीकडे पाही आणि त्याचा आवाज खाली येई. मग मला समजे, आज फूल उमलले आहे.

वैशाख संपला की कुणी येत नसे. पावसात बांबू कुजत, थंडीत माझ्या कडेवर दव साचे. उरलेले सगळे वर्ष मी रिकाम्या पायवाटेला सांगत राही: फुले तोडू नका.

पुढची बाजू

आता कौतुकाचे दिवस. ते भुपेंद्रमुळे आले.

भुपेंद्र गोंदियाचा. मोबाइलवर व्हिडिओ करायचा. मुलगा वाईट नव्हता, वाकून फुले बघायचा, तोडायचा नाही. त्याने आधी मला व्हिडिओत घेतले, मग मागची फुले. दुसऱ्या वर्षी लोक मोटारसायकली घेऊन आले. जंगलात जमिनीलगतचे फूल शोधणे कठीण असते, पण माणसाच्या उंचीची पांढरी पाटी शोधणे सोपे. ते गावात विचारत, “वो बोर्ड किधर है?” आणि पोरे हात करून दाखवत. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत. इतके हात मला कधीच लागले नव्हते.

सगळ्यांत जास्त आनंद भागीरथाबाईला झाला. तिचा मुलगा नागपूरला. मोहाच्या दिवसांत ती उजाडताच टोपली घेऊन येई आणि दुपारपर्यंत तिच्याशी बोलायला झाडाशिवाय कुणी नसे. आता लोक तिला थांबवून विचारू लागले. तिने त्यांना मोह कसा वेचतात ते सांगितले, कसा वाळवतात ते सांगितले आणि कुणी विचारले नसताना सेवकरामच्या बैलांची नावेही सांगितली. भुपेंद्र तिच्यासाठी चिवड्याचा पुडा आणायचा.

“मावशी, तुम तो स्टार हो गयी,” तो म्हणायचा. “गोंदियाले आलीस तं लोक वळखतीन.”

“वळखून का करतीन? मोह वेचू लागतीन?” ती म्हणायची आणि पदराआड हसायची.

मित्रांनो, आमच्याकडे मोह पडायच्या आधी झाडाखालची जमीन साफ करतात. पालापाचोळा झाडून जाळतात, म्हणजे पडलेले फूल लगेच दिसते. भागीरथाबाईने जन्मभर तेच केले होते. पाहुणे येऊ लागले तेव्हा तिने त्या खोलगट जागेतही खराटा चालवला. जाळले नाही, नुसते झाडले. येणाऱ्याच्या पायाला काटा लागू नये आणि फूल लांबूनच दिसावे. माणसाला पाहुण्यांसाठी जे करावेसे वाटते, तेच तिने केले.

मागची बाजू

माझ्या पाठीमागचा आवाज बदलला. आधी तिथे पाऊल पडले तर पाने कुरकुरत आणि माणूस दचकून पायवाटेवर परते. आता पाने नव्हती. झाडलेली जागा अंगणासारखी झाली आणि अंगणात शिरताना पायवाट कोण पाहतो? काही जण भक्तिभावाने चपला काढून आत जात. पण उमलायच्या आधी भुईचाफ्याची कळी मातीत असते. तिला चपलेचा पाय काय आणि अनवाणी काय.

वास विरळ झाला. त्यानंतरच्या वर्षी आणखी विरळ. माझ्या खांद्यावरून पाहणारे चेहरे आता थांबत नव्हते. ते पाहत, मोबाइलवर पुन्हा पाहत आणि म्हणत, “बस, इतने ही?”

मी ओरडले असते. पण मला बोलायला दिलेली वाक्ये दोनच होती आणि ती सगळ्यांनी वाचलेली होती.

पुढची बाजू

स्नेहल आली ती एका रविवारी. तिने बोटाने माती उकरून पाहिली. खळ्यासारखी कडक होती.

“मावशी, तू हे झाडलं काऊन?”

“पाव्हणे आले तं आंगण झाडत नाई का?” भागीरथाबाई म्हणाली. मग तिने स्वतःच खाली पाहिले आणि खराटा हळूच झाडाला टेकवून ठेवला.

स्नेहलने हातांची माती झटकली. नंतर तिने कुंपण घालायचे, ‘प्रवेश बंद’ असे लाल अक्षरात लिहायचे, असे काय काय सुचवले. भागीरथाबाईने सगळे ऐकून घेतले.

“तू लिवलं म्हनून त्याइले समजलं ना, बाई,” ती म्हणाली. “नसतं लिवलं तं आलेच नसते.”

“पन पाटी काढली तं तुह्याशी बोलाले कोनी येनार नाई,” स्नेहल म्हणाली.

“मले मालूम आहे.”

ती उठली आणि बांबू हलवू लागली. स्नेहलने दुसरी बाजू धरली. मी निघाले तेव्हा क्षणभर तिरकी झाले आणि पहिल्यांदाच ती जागा मला दिसली. तुडवलेली माती. दुसरे काही नाही.

दोघींनी संध्याकाळपर्यंत आजूबाजूचा पाला टोपल्यांनी आणून तिथे पसरला. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटले असेल, या बायांचे डोके फिरले.

पालथी

आता मला बाजू नाही. भागीरथाबाईच्या अंगणात दोन विटांवर मी पालथी आहे. अक्षरे जमिनीकडे. मी बसायची फळी झाले. ती माझ्यावर बसून मोह निवडते.

सुरुवातीला लोक गावात येऊन बोर्ड विचारत. बोर्ड नव्हता. हळूहळू येणे थांबले. वसंत आले आणि गेले. दुपारी अंगणात फक्त मोहाचा वास असतो आणि तिचा खोकला. पूर्वी लोकांना सांगायची ती बैलांची नावे आता ती कधीकधी स्वतःशीच म्हणते.

यंदा मोह सरता सरता ती एकदा जंगलातून उशिरा आली. माझ्यावर बसली. तिच्या गुडघ्यांना माती होती. तिने बोटे नाकाशी नेली आणि तशीच बसून राहिली. तो वास मी ओळखला.

त्याच दुपारी मोटारसायकल थांबली. भुपेंद्र होता. चिवड्याचा पुडा घेऊन आला होता. तिने त्याला पाणी दिले. त्याने तब्येत विचारली, मुलाचे विचारले. ती इतकी भरभरून बोलू लागली की मला तिचा आवाज ओळखू येईना. मग त्याने विचारले, “मावशी, इस साल निकले क्या फूल?”

ती माझ्यावरून जराशी सरकली आणि पुन्हा नीट बसली.

“नाई रे बाबा. सरले ते.”

“एक भी नहीं?”

“एक बी नाई.”

तो हळहळला. थोडा वेळ बसला, मग बसण्यासारखे काही उरले नाही म्हणून निघून गेला. पुन्हा येईन म्हणाला. येणार नाही, हे तिलाही कळले.

संध्याकाळी तिने रोजच्यासारखी मेणबत्ती लावली आणि बुद्धवंदना म्हटली. मग पंचशील. पहिली तीन शीले तिने सरळ म्हटली. चौथे शील खोटे न बोलण्याचे असते. तिथे ती थांबली. इतका वेळ थांबली की मेण खाली ओघळले. मग तिने ते म्हटले, पण फार हळू, आणि पाचवे म्हणायचे राहूनच गेले.

मित्रांनो, रानात कुठे फूल दिसले तर पायवाटेवरून पाहा. पाला हलवू नका, आणि कुठे पाहिले ते चारचौघांत सांगत फिरू नका. पुन्हा जावेसे वाटले तर जवळच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा, फुलांबद्दल काही न विचारता. तुम्ही एवढे कराल, तर माझ्यावर बसलेल्या या बाईला पुन्हा खोटे बोलावे लागणार नाही.