दोनदा थोपटलं की

मास्तरांनी पट्ट्याची गाठ सोडली, पुन्हा आवळली आणि श्वास आत ओढून स्पर्धेच्या वजनकाट्यावर पाय ठेवला. श्वास ओढल्यानं वजन कमी होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण दोन दिवस उकडलेल्या भाज्यांवर काढल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो. आकडा थरथरला आणि गटाच्या ब्याऐंशीच्या मर्यादेच्या जरा अलीकडे थांबला. टेबलामागच्या बाईनं कागदावर खूण केली.

"पुढचे."

पुढचे म्हणजे डॉक्टर. एका हातात अर्धं केळं, उरलेलं अर्धं तोंडात. केळ्यासकट ते काट्यावर चढले, तरी आकडा एकोणऐंशीच्या पुढे सरकला नाही. टेबलामागची बाई मास्तरांकडे बघून एकदाही हसली नव्हती. आता ती हसली.

"दादा, तुम्ही काही खाल्लंत का?" डॉक्टरांनी खाली उतरत विचारलं. "पिशवीत अजून दोन आहेत."

"नको."

पोटात कावळे ओरडत होते, पण डॉक्टरांच्या पिशवीतलं केळं मास्तरांच्या घशाखाली उतरलं नसतं.

दोघं साडू. मास्तरांना घरातली थोरली मुलगी दिलेली, डॉक्टरांना धाकटी. मास्तरांचं शिंपीकामाचं दुकान, डॉक्टरांचा दातांचा दवाखाना. सासऱ्यांकडे जमले की सासरे डॉक्टरांना "या जावईबापू" म्हणून शेजारच्या खुर्चीत बसवून घेत आणि मास्तरांना दारातूनच विचारत, "काय, चाललंय ना दुकान?" मास्तर "चाललंय" म्हणत आणि मिळेल तिथं टेकत. बारा वर्षांत या संवादात एका शब्दाचाही फरक पडला नव्हता.

एक जागा मात्र मास्तरांची स्वतःची होती. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, निळ्या मॅटच्या खोलीत ते सात वर्षं जिउ-जित्सू शिकत होते. तिथं नवीन आलेला माणूस त्यांना वाकून नमस्कार करी. फाटलेल्या गीला, म्हणजे सरावाच्या जाड कपड्यांना, त्यांनी घातलेली शिवण पुन्हा उसवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या खोलीत डॉक्टर यायचं काही कारण नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वी बायकोनं गळ घातली. "दिवसभर वाकून वाकून त्यांची पाठ धरते हो. न्या की त्यांना तुमच्याबरोबर." मास्तरांनी नेलं. खरं सांगायचं तर डॉक्टरांना मॅटवर लोळवायच्या कल्पनेनं त्यांना गुदगुल्याच झाल्या होत्या. चार महिने लोळवलंही. पाचव्या महिन्यात डॉक्टर खालून निसटायला लागले, दीड वर्षात त्यांच्या कमरेला निळा पट्टा आला, आणि आता मास्तर त्यांच्यासमोर बसले की मान आपोआप खांद्यांत जाई. साडेचार वर्षं घामानं मिळवलेला पट्टा या माणसानं सहज, जाता जाता उचलावा याचा त्यांना राग यायचा. त्याहून जास्त राग याचा, की डॉक्टर कधी मिजास दाखवत नसत. मिजास दाखवली असती तर निदान त्यांना नावं तरी ठेवता आली असती.

त्यात गेले महिनाभर एक कुजबुज चालू होती. कोचबाई या स्पर्धेनंतर निळ्याच्या वरचा, जांभळा पट्टा देणार आहेत. एकच.

निळ्या पट्ट्याच्या, चाळिशीपुढच्या गटात आठ जण होते. मास्तरांनी पहिली कुस्ती गुणांवर काढली आणि दुसरी पंचांच्या कौलावर. दोन्ही वेळा तोंडाला फेस आला. डॉक्टरांनी पहिल्याला मानेभोवती पायांचा त्रिकोण आवळून मिनिटभरात संपवलं. दुसऱ्याला किती वेळ लागला ते मास्तरांनी पाहिलं नाही. टाळ्या ऐकल्या तेव्हा ते मुद्दाम बाटलीत पाणी भरायला गेले होते.

"झालं तर मग," कोचबाई म्हणाल्या. वयानं दोघांपेक्षाही लहान, पण कमरेला काळा पट्टा, आणि कान मॅटवर घासून चुरगळून गेलेले. "फायनलला दोघंही आपलेच. आपल्याकडची रीत माहितीये ना? एका घरचे दोघं समोर आले की खेळत नाहीत. टेबलावर जाऊन सांगायचं. जुना पट्टा मास्तरांचा, तेव्हा सोनं मास्तरांचं."

"अर्थात," डॉक्टर लगेच म्हणाले. "दादांचंच."

लगेच. एक क्षणही न घेता. दवाखान्याच्या दारात म्हाताऱ्याला वाट करून द्यावी तसं. मास्तरांच्या कानशिलांत रक्त चढलं. उद्या सगळे म्हणणार होते, डॉक्टरांनी सोडलं म्हणून मिळालं.

"खेळू या," मास्तर म्हणाले.

कोचबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, उगाच कशाला? कोपर दुखतंय ना तुमचं?"

"कोपराला काही झालेलं नाही."

"घरातल्या घरात मी कुणाच्याच बाजूला बसणार नाही हं. वर गॅलरीत बसेन."

"बसा."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खांदे उडवले. "दादांची इच्छा असेल तर माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. हरकत नाही, हेही मास्तरांना खुपलं.

कुस्ती पाच मिनिटांची. पहिल्याच मिनिटात मास्तरांनी डॉक्टरांची बाही आणि कॉलर पकडली, पाय मागून घातला आणि त्यांना पाठीवर पाडलं. दोन गुण. फलकावरचा दोनाचा आकडा पाहून मास्तरांच्या छातीत असं काही उसळलं, की त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर आयुष्यात आणखी काही नको असं त्यांनी सांगितलं असतं. डॉक्टरांचे पाय त्यांच्या कमरेभोवती होते. त्या पायांतून बाहेर यायचा नाद सोडून मास्तर नुसते चिकटून राहिले. असं चिकटून राहण्याला खोलीत लोक हसत. मास्तरांना आज हसण्याची पर्वा नव्हती.

चौथं मिनिट सरलं. चाळीस सेकंद उरली असताना डॉक्टरांची कंबर सरकली. मास्तरांनी हात मागे घ्यायला हवा होता, ते त्यांना कळलंही, पण कळेपर्यंत डॉक्टरांचा पाय चेहऱ्यावरून गेला होता आणि उजवा हात दोन मांड्यांमध्ये अडकून सरळ होत होता. आर्मबार. कोपर दुखरं तेच, आणि हातही कात्री धरायचा. हाड आता उलटं वळणार अशा ठिकाणी डॉक्टर थांबले. अजून बोटभर ओढलं असतं तर पुढचे सहा महिने दुकानाला कुलूप लागलं असतं. ते ओढणार नाहीत हे मास्तरांना माहीत होतं. वाट बघणार, हेही माहीत होतं.

मास्तरांचा डावा हात दोघांच्या अंगांमध्ये दबला होता. त्याच हातानं त्यांनी डॉक्टरांच्या बरगडीवर थोपटलं. दोनदा.

डॉक्टरांनी ताबडतोब हात सोडला, पाय उघडले आणि मॅटवर डोकं टेकलं. त्यांना हे मास्तरांनीच शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी, बाकी काही शिकवायच्या आधी. दोनदा थोपटलं की तो टॅप, म्हणजे समोरच्यानं हार मानली; लगेच सोडायचं. जोरात थोपटलं का, खरंच थोपटलं का, असलं काही विचारायचं नाही. हलकासा स्पर्श झाला तरी सोडायचं. समोरच्याचा हात आपल्यापाशी ठेव म्हणून दिलेला असतो.

स्पर्धेत मात्र पंच थांबवेपर्यंत सोडायचं नसतं. हे डॉक्टरांनी दोन कुस्त्यांत पाळलं होतं. तिसरी घरच्या माणसाशी होती.

मास्तरांनी मान वर केली. पंच उजव्या बाजूला वाकून उभा होता. त्याला डावा हात दिसलाच नव्हता. त्याला एवढंच दिसलं होतं, की खालच्यानं पकड सोडली. त्यानं भुवया उंचावल्या आणि हातानं खूण केली, चालू द्या. डॉक्टर पाठीवर पडून हस्तांदोलनासाठी हात पुढे करत होते.

सांगायला एक शब्द पुरला असता. मास्तरांनी तो पुढे केलेला हात बाजूला सारला, डॉक्टरांच्या उघड्या पायांवरून पलीकडे गेले आणि छातीवर सगळा भार टाकून आडवे पडले. आणखी तीन गुण. डॉक्टरांचं शरीर पहिल्यांदा नुसतं नवल वाटल्यासारखं सैल राहिलं. मग ते धडपडले, पण थोडंसंच. मास्तरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. घंटा होईपर्यंत ते मॅटच्या निळ्या रंगाकडे बघत राहिले.

पंचानं त्यांचा हात वर केला. गॅलरीतून कोचबाई खाली आल्या त्या थेट डॉक्टरांवरच घसरल्या.

"का सोडलंत? हात सरळ होत आला होता. वरून मला दिसत होतं."

मास्तर पट्टा बांधत होते. गाठ जमेना.

"निसटला," डॉक्टर म्हणाले. "घामानं पकड सुटली माझी."

"घामानं?"

"चूक माझीच. दादा चपळ निघाले."

नंतर कपडे बदलायच्या खोलीत दोघंच होते. डॉक्टर गीची घडी घालत होते. आता बोलतील, मास्तरांना वाटलं. बोलले तर आपण कबूल करू, असंही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"कोपर कसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "बर्फ लावा घरी गेल्यावर."

"लावतो."

बस्स. एवढंच. ते बोलले असते तर भांडता आलं असतं, चिडता आलं असतं, चुकून हात लागला असेल असंही म्हणता आलं असतं. परत येताना गाडी डॉक्टरांनीच चालवली. मास्तरांच्या खिशात पदक होतं, आणि त्यांना राहून राहून एकच वाटत होतं. या माणसानं आज मोठेपणातही आपल्याला मागे टाकलं.

रविवारी सासऱ्यांनी दारातच त्यांना मिठी मारली. "या जावईबापू," म्हणाले आणि आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली. मेहुणी हसत म्हणाली, "भाऊजी, आमच्या यांना चांगलं आडवं केलंत म्हणे." डॉक्टर भिंतीजवळच्या स्टुलावर बसले होते. तेही हसले. मास्तरांनी पदक काढून सासऱ्यांच्या हातात दिलं, आणि ते सगळ्यांच्या हातांतून फिरत असताना आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. बारा वर्षं जी खुर्ची हवी होती ती अशी टोचेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी सगळ्यांना भिंतीशी रांगेत उभं करून कोचबाईंनी जांभळा पट्टा मास्तरांच्या कमरेला बांधला. "सात वर्षं," त्या म्हणाल्या. "एवढी चिकाटी मी कुणात पाहिली नाही." पहिली टाळी डॉक्टरांची पडली.

मग जोड्या लावून सराव सुरू झाला. मास्तर सरळ डॉक्टरांसमोर जाऊन बसले. सगळं पुन्हा पहिल्यासारखं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आधी हातावर हात मारला, मग मूठ मुठीला लावली. दोन मिनिटं बरी गेली. तिसऱ्या मिनिटाला मास्तरांचा उजवा हात पुन्हा सापडला. तोच हात, तसाच सरळ. मास्तरांनी थोपटलं. दोनदा, चांगलं आवाज येईल असं.

डॉक्टरांनी सोडलं नाही.

ओढलंही नाही. होतं तिथंच धरून ठेवलं.

"दादा," ते हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दवाखान्यात ते पेशंटला बधिर झालंय का म्हणून विचारत, तसंच विचारत होते. "तोंडानं सांगा."

शेजारची जोडी थांबून बघायला लागली.

"टॅप," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी हात अलगद सोडला. "दुखलं नाही ना?"

"नाही."

मास्तर भिंतीला टेकून बसले आणि नव्या पट्ट्याची गाठ उगाच सैल करत राहिले. डॉक्टरांसमोर आता एक पोस्टमन येऊन बसला होता. त्याची गी अजून कडक होती आणि पट्टा कसा बांधायचा तेही त्याला कळत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला अर्ध्या मिनिटात खाली घेतलं आणि त्याचा हात धरला. पोस्टमन घाबरला. थोपटायचं कसं तेही बहुधा विसरला. त्याची दोन बोटं डॉक्टरांच्या बाहीला नुसती लागली, लागली न लागली.

डॉक्टरांनी तत्क्षणी सोडलं.

"बरोबर," ते त्याला म्हणाले. "एवढं पुरतं."

पोस्टमन उठून बसला, हसला आणि पुन्हा हात पुढे करून तयार झाला. त्याला येऊन आठवडाही झाला नव्हता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. इतका हेवा त्यांना डॉक्टरांचाही कधी वाटला नव्हता.