चांदीच्या छातीचा फोटो

मित्रांनो, बेलापूरच्या बाजारपेठेमागे जनावरांचा एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या आतल्या खोलीतले जुने एक्स-रे यंत्र म्हणजे मी. पूर्वी मी माणसांच्या छातीचे फोटो काढत असे. नवी यंत्रे आली आणि माझ्या वाट्याला कोपरा आणि धूळ आली. मग दमयंती डॉक्टरांनी मला झाडूनपुसून इथे आणले.

माणसे सांगितले की श्वास रोखत. कुत्र्यांना कसे सांगणार? दमयंतीताई त्यांच्या छातीवर नजर ठेवतात आणि ती श्वासाने फुगली की बटण दाबतात.

एकदा उसातल्या वस्तीवरून राहीबाई आपल्या पांढऱ्या कुत्रीला, चांदीला, घेऊन आल्या. चांदीच्या स्तनाशी लिंबाएवढी गाठ होती.

"पिल्लं पाजून सुजलंय वाटलं, म्हनून थांबले," त्या म्हणाल्या. "आता कापून टाका."

"आधी छातीचा फोटो काढू, मावशी. गाठ कॅन्सरची असेल तर ती फुप्फुसात पसरलेली असू शकते. तसं असेल तर वरची गाठ कापून उपयोग नाही."

शिशाचा जड एप्रन घालून राहीबाईंनी चांदीचे पाय धरले. आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग पाठीवर. खालचे फुप्फुस दबते आणि त्यातला डाग लपतो, म्हणून तीन फोटो. सगळे स्वच्छ येऊ दे, एवढेच माझ्या मनात होते.

ताईंनी फिल्म उजेडासमोर धरली. काळ्या फुप्फुसांत पांढरे गोल ठिपके होते, गाठ पसरल्याची खूण. खोटे दाखवणे माझ्या हाती नव्हते.

ताई सांगू लागल्या, तशा राहीबाईंनी चांदीचे कान तळव्यांनी झाकले. "हळू बोला. तिला समदं कळतं."

चांदीवर सुरी चालली नाही. वेदना कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन ती घरी गेली. उन्हाळाभर बाजेखालच्या सावलीत निजली, दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली आणि एका सकाळी झोपेतच गेली.

हे मला दिवाळीनंतर कळले. राहीबाई चांदीच्या लेकीला घेऊन आल्या होत्या. "आंघोळ घालताना हाताला वाटाण्याएवढं लागलं बगा. तशीच उचलून आनली."

या वेळी तिन्ही फोटो स्वच्छ आले. राहीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि बराच वेळ रडल्या. दुसऱ्याच दिवशी गाठ काढली.

मित्रांनो, मला फक्त छातीच्या आतले दिसते. पोटाखालची बारीक गाठ तुमच्याच हाताला लागेल. कुत्र्याला कुरवाळताना हात तिथूनही फिरवा. काही लागले तर वाट पाहू नका. ते बिचारे दुखले तरी तुमच्याकडे पाहून शेपूटच हलवते.