थपडेचा पुरावा

रंगमंचावरच्या थपडेचं गणित सोपं असतं. मारणाऱ्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो, आणि आवाज काढते मार खाणारी, प्रेक्षकांच्या नजरेआड, कमरेपाशी टाळी वाजवून. म्हणजे दरारा त्याचा, मेहनत हिची. पुष्कळ संसारांतही हीच वाटणी असते. पण ते असो.

नाटक होतं मार खाणाऱ्या बायकोचं. ती नवऱ्याला कोर्टात खेचते आणि जिंकते. बायको झालेल्या नटीला कंपनीत सगळे वकिलीणबाई म्हणत. भूमिकेमुळे कमी, जिभेमुळे जास्त. गेले वीस प्रयोग नवरा झालेल्या नायकाचा हात लांबून जात नव्हता, थेट गालावर बसत होता. तिचा डावा कान दिवसभर गुणगुणायचा.

तक्रार केली तर मॅनेजर चष्मा पुसत म्हणाला, "अगं, आवाज रोज एकच येतो. तुझी टाळी की त्याचा हात, मी कसं ओळखू? पुरावा आण."

नायक तर हसलाच. "वकिलीणबाई, अभिनय उत्तम झाला की खराच वाटतो."

पुरावाच हवा ना? घ्या. त्या संध्याकाळी दुसऱ्या अंकात ती कपांनी भरलेला ट्रे दोन्ही हातांत धरून निघाली. टाळी वाजवायला तिसरा हात कुठून आणणार? आता आवाज आलाच, तर तो गालाचा.

"मावशी, कान उघडे ठेव," ती विंगेत म्हणाली. मावशी कंपनीतली सर्वांत जुनी नटी. नाटकात शेजारीण, एरवी हिची कैवारी. गाल शेकायला गरम पाण्याची पिशवी तीच आणायची.

नायकाने ट्रे पाहिला आणि क्षणभर थबकला. चुकवतोय वाटतं लेकाचा, असं तिच्या मनात येतंय तोच हात आला. कप खळखळले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. विंगेत दिवेवाल्याने मान खाली घातली. प्रॉम्प्टरने उगाचच पान उलटलं.

तिसऱ्या अंकात शेजारीण साक्षीला उभी राहिली. "मी माझ्या या कानांनी ऐकलंय, न्यायाधीशसाहेब!" मावशी कडाडली, आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं.

पडदा पडल्यावर मॅनेजरने सगळ्यांना रंगपटात बोलावलं. "बोला. कुणी ऐकलं?"

"माझं लक्ष दिव्यांकडे," दिवेवाला म्हणाला.

"माझं वहीत," प्रॉम्प्टर म्हणाला.

नायक आरशासमोर मिशी सोडवत होता. उरली मावशी. तिच्या मुलीला याच महिन्यात कंपनीत मोलकरणीचं दोन वाक्यांचं काम मिळालं होतं. ती पोर कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशीने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"मी केस बांधत होते गं. नाही आलं ध्यानात."

वकिलीणबाईचा इतके दिवस समज होता, की कुणाला माहीत नाही म्हणून हे चाललंय. हिशेब मुळातच चुकला होता. माहीत सगळ्यांनाच होतं.

"मग मिटलं," मॅनेजर उठला. "ट्रे मात्र राहू दे हं. काय रंगला आज प्रसंग!"

"उद्यापासून मी उभी राहणार नाही."

"नको राहूस." त्याचा आवाजसुद्धा चढला नाही. "मावशीची पोर आहे की. तुझे सगळे संवाद तोंडपाठ आहेत तिला. काय गं, करशील?"

हातातली घडी तशीच टाकून मुलगी उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता. "करीन!"

मावशीचा चेहरा रंगाखाली पांढराफटक पडला. "ऐकलं मी! साहेब, ऐकलंय मी, वीस प्रयोग ऐकतेय!"

"आत्ता तर केस बांधत होतात."

मावशीने वकिलीणबाईचा दंड धरला. "तू सांग ना गं हिला. तू बोल."

वकिलीणबाईने दंड सोडवून घेतला. मग मुलीसमोर जाऊन रुमालाने डाव्या गालावरचा रंग पुसला. खाली चार बोटं उमटली होती.

"नीट बघ, आणि मग हो म्हण."

मुलीने नीट पाहिलं. मग हलकेच, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुम्ही फार जवळ उभ्या राहता, ताई. मी एक पाऊल मागे राहीन."