दोघांचे डबे

पळीबाईंनी एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज दोनशे माणसं जेवू घातली आणि त्यातलं एकही माणूस कधी उपाशी उठलं नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, दिवसातून एकदा तरी. वाढताना पातेल्याच्या काठावर पळी ठाणकन आपटायची त्यांची सवय, म्हणून ते नाव पडलं आणि मग कायमचंच चिकटलं. आता सत्तरी उलटली होती, गुडघे बोलत होते, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात शेगडीला हात लावायची बंदी होती. मागे एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि बाई बाहेर टीव्हीपुढे बसून राहिल्या. बंदीला तेवढं निमित्त पुरलं.

सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि घरही तिनं लॅबसारखंच ठेवलं होतं. दर रविवारी ती ढीगभर स्वयंपाक करायची, निवला की पांढऱ्या डब्यांत भरायची आणि माणसाच्या उंचीच्या फ्रीझरमध्ये रचायची. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: आत काय, तारीख काय, किती माणसांचं. घरात तिघं, म्हणून आकडा तीन. सगळ्यात वरचा खण पाहुण्यांचा, तिथल्या डब्यावर चार. "कोणी न सांगता टपकलं तर तोंडघशी पडायला नको," असं तिचं म्हणणं. सासूबाईंकडे काम काय, तर झाकणं दाबायची आणि चिठ्ठ्या चिकटवायच्या. दोनशे पानांची मालकीण झाकणं दाबत होती आणि वर हसून घेत होती.

एका रविवारी चिठ्ठ्यांची चळत हातात आली आणि पळीबाई थबकल्या. पहिल्या चिठ्ठीवर दोन. दुसरीवर दोन. सव्वीस चिठ्ठ्या, सगळ्यांवर दोन.

"अगं, आकडा चुकलाय का?"

"नाही आई, बरोबर आहे. लावा तुम्ही," सून म्हणाली आणि कांदा परतत राहिली. त्या घरात बोलणं असंच होतं, चिठ्ठीवर मावेल एवढं.

चारच दिवसांपूर्वी लेक फोनवर कोणाला तरी सांगत होता, "महिन्याभरात आईचं काहीतरी बघावं लागेल." तेव्हा त्यांनी ते कानाआड केलं होतं. आता दोन आणि दोन चार झाले. महिन्यानंतर या घरात दोघंच जेवणार होती, आणि तिसरीच्या हातूनच त्या दोघांच्या डब्यांची झाकणं लावून घेतली जात होती. वृद्धाश्रमात जायची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती होती. तिथल्या जेवणाची चव त्यांनी एकदा मैत्रिणीला भेटायला गेल्यावर घेतली होती.

विचारायला काय झालं होतं? तोंड होतं, जीभ होती. पण माणसाचा ताठा मोठा वाईट. विचारलं आणि "हो" आलं तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी आपल्या धंद्याचा हिशेब लावला. शिधा तयार नसेल तर पंगत बसत नाही. दोघांचे डबेच उरले नाहीत तर सूनबाईचा बेत पुढे ढकलला जाईल, आणि पुढे ढकललेलं कोण जाणे, टळेलही.

दुसऱ्या दिवसापासून घर रिकामं झालं की त्या तळच्या खणातला एक डबा काढायच्या आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करायच्या. अन्न टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून दोन माणसांचं एकट्याच संपवायच्या. मीठ कमी असायचं, तरी संपवायच्या. मग डबा घासून त्यात गळ्यापर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, चिठ्ठी तशीच, आणि डबा परत जागेवर. आत बर्फ आहे की रस्सा, बाहेरून कोणाच्या बापालाही कळलं नसतं. कॅन्टीनमध्ये माणसं वाढली की डाळीत पाणी वाढायचं. इथे नुसतं पाणीच राहिलं, एवढाच फरक.

पाहुण्यांच्या खणाला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. पाहुण्याच्या ताटातलं काढायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

तीन आठवड्यांत अठरा डबे झाले. पळीबाईंचे गाल वर आले, कपडे आवळायला लागले, आणि संध्याकाळी त्या "भूक नाही" म्हणून अर्धं ताट परत करू लागल्या. सून त्यांच्याकडे बघायची आणि ताट उचलायची.

आणि मग एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांचा धाकटा भाऊ न सांगता उगवला. बरोबर बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडं, रस्त्यात गाडी बंद पडलेली, सगळ्यांच्या पोटात कावळे. सूनबाईचा चेहरा फुलला. यासाठीच तर तिनं वर्षभर तयारी ठेवली होती! पण पाहुण्यांच्या डब्यात चौघांचं, आणि पाहुणे सहा. "थांबा, खालचे तीन घेते," म्हणून ती वाकली, आणि पळीबाई फ्रीझरच्या दारापाशी आल्या.

"अगं, वरचंच पुरवून वाढू. मी पुरवते," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

"असू दे हो आई. बसा तुम्ही."

तीन डबे पातेल्यात उलटे झाले. तीन पांढऱ्या लाद्या. सून थोडा वेळ पळी घेऊन उभी राहिली, मग पातेल्यात नितळ पाणी खळखळू लागलं. तिनं चौथा डबा उघडला, पाचवा उघडला. भावजय दारातच उभी होती. असला तमाशा ती कशाला सोडेल?

"वन्सं, तुमच्याकडे पाणीसुद्धा साठवून ठेवतात का हो?"

लेक आत आला. "आई, हे तू केलंस? जेवण कुठे गेलं?"

सगळं घर बघत होतं. खरं सांगायचं म्हणजे धाकट्या भावासमोर कबूल करायचं, की मला घरातून काढतील या भीतीनं मी चोरून खाल्लं. पळीबाईंनी क्षणभर दोन्ही बाजू तोलल्या. विसरणाऱ्याला लोक माफ करतात, चोराला करत नाहीत.

"मला आठवत नाही रे," त्या म्हणाल्या. "खाल्लं असेल मी. काही आठवतच नाही."

भावजयीनं तोंडावर हात ठेवला. सून खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी महिनाभर ट्रेनिंगला जाणार होते," ती नवऱ्याला म्हणाली. "नक्की नव्हतं, म्हणून आईंना बोलले नाही. तुम्हा मायलेकांसाठी केलं होतं सगळं. दिवसा आईंच्या सोबतीला एक बाईही बघत होतो. आता यांना कोणाच्या भरवशावर ठेवायचं?"

मायलेकांसाठी. म्हणजे त्या दोनातला एक आकडा पळीबाईंचाच होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेकाला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या चिठ्ठीपासून. त्यानं ऐकून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं आई. तू त्रास नको करून घेऊस." त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा हात फिरवला. डॉक्टरांपुढे तर त्या इतक्या चिडल्या, की त्यांनी विचारलेला आजचा वारच चुकला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

आश्रमात सामान ठेवताना सूनबाईनं आपल्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी लिहून पलंगाच्या कठड्याला लावली. सगळी माहिती नीट, कामाची: गोळ्या, वेळा, आणि शेवटी एक ओळ: "जेवल्याचं विसरतात, पुन्हा मागतात. दुसऱ्यांदा देऊ नये."

पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी पळीबाई अंघोळीला गेल्या असताना जेवणाची गाडी येऊन गेली. त्या परत आल्या, पलंगावर बसल्या, आणि बराच वेळ वाट बघून त्यांनी वाढपी बाईला हाक मारली.

"बाई, माझं जेवण राहिलंय."

वाढपी बाईनं कठड्यावरची चिठ्ठी वाचली. वाईट नव्हती बिचारी, हसली अगदी मायेनं.

"जेवलात की आजी," ती म्हणाली. "विसरलात तुम्ही."