माहेरचं विरजण

दशरथ मेश्राम दह्याचा डबा बोटाने पुसून बोट चाटत होते, नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला. राधाबाई कालपासून खडकीला नणंदेकडे होत्या. घरात कोणी नाही म्हटल्यावर दशरथरावांनी पोहे भिजवले, त्यावर दही ओतलं आणि दोनदा वाढून घेतलं.

"अहो, ऐकून राहिले ना? आपल्या मैत्रीला हिंजवडीत फ्लॅट मिळाला. संध्याकाळी पोरगी माझ्यासंगंच येते धायरीला. विरजण मागून राहिली. फ्रिजमधल्या निळ्या झाकणाच्या डब्याला हात लावू नका."

निळं झाकण टेबलावर उताणं पडलेलं होतं.

"मी कशाला हात लावतो?" दशरथराव म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. मग डबा उलटा करून पाहिला, थेंबभर दही निघेना.

कारण ते दही साधंसुधं नव्हतं. लग्न होऊन राधाबाई पवनीहून पुण्याला निघाल्या तेव्हा आईने विरजणाचा डबा हातात दिला होता. तो मांडीवर धरून त्यांनी अख्खा रेल्वेप्रवास केला. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पहिली रात्र झाली ती दूध विरजूनच. तेव्हापासून कालच्या दह्यातून आजचं, आजच्यातून उद्याचं, असा त्या दह्याचा वंश अखंड चालला होता. दोन वर्षांपूर्वी दशरथरावांच्या सासूबाई गेल्या. बहिणींनी साड्या वाटून घेतल्या, भांडी वाटून घेतली. राधाबाईंनी काहीच मागितलं नाही. "माझ्याजवळ आईचं विरजण आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि ते विरजण दशरथरावांनी पोह्यांवर घालून खाल्लं होतं. वर साखरही भुरभुरवली होती.

चपला अडकवून ते संपतच्या दुकानात गेले. डेअरीचं दही डब्यात भरायचं आणि वेळ मारून न्यायची, असा त्यांचा बेत होता.

"दही संपलं," संपत मान वर न करता म्हणाला. "मागच्या गल्लीत लग्न आहे. मठ्ठ्याला उचललं सगळं."

"ताक?"

"तेही."

"काहीतरी आंबट असेल की."

"चिंच आहे. विरजतं का बघा."

रस्त्यावरच्या दुसऱ्या दोन दुकानांतही हीच गत. परतताना मात्र दशरथरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्ध्या सोसायटीला राधाने विरजण वाटलेलं होतं! नुसतं वाटलं नव्हतं, ते कसं जपायचं याचं प्रवचनही सोबत दिलं होतं. म्हणजे सासूबाईंचं दही घरोघरी नांदत असणार. चमचाभर मागून आणलं की झालं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, तरी त्यांनी वाटी शर्टाच्या आत दडवली आणि खालच्या मजल्यावरच्या शर्मिलाबाईंची बेल वाजवली.

शर्मिलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. शब्द मोजून वापरायच्या आणि हसू तर त्याहून मोजून.

"काय काम काढलंत?"

"सहज आलो."

"सहज कोणी शर्टात वाटी घालून येत नाही."

दशरथरावांनी सगळं ओकून टाकलं. शर्मिलाबाईंनी ते ऐकून घेतलं, मग चष्मा काढून पुसला.

"राधाताईंचं विरजण माझ्याकडे नाही."

"अहो, पाडव्याला तर नेलंत!"

"नेलं. त्याची कढी केली. मला ते आंबट लागतं, मी डेअरीचं आणते. तेही आज मिळालं नाही."

"मग दर वेळी नेता कशाला?"

"नको म्हटलं तर त्या समजावून सांगतात. नेलेलं परवडतं."

दशरथराव वरच्या मजल्यावर गेले. तिथे अनिरुद्ध आणि त्याचे दोन मित्र राहायचे, तिघेही आयटीतले. अनिरुद्धने कानातलं यंत्र काढलं आणि प्रश्न ऐकताच कान पकडला.

"सॉरी काका. आम्ही ते पराठ्याबरोबर खाऊन टाकतो. ॲपवर बघू का? शिट, तिथेपण आउट ऑफ स्टॉक आहे. प्लीज काकूंना सांगू नका हं. त्या विरजणाबरोबर लोणचंपण देतात."

वंशाचा दिवा असा घरोघरी विझलेला पाहून दशरथराव जड पावलांनी लिफ्टमध्ये शिरले आणि आपला मजला सोडून एक मजला खाली उतरले. शर्मिलाबाई दारातच उभ्या होत्या.

"कोमट दूध घ्या. हिरव्या मिरचीचे दहा-बारा देठ त्यात बुडवा. झाकून उबेला ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. आणि हे मी सांगितलेलं नाही." दार बंद झालं.

दशरथरावांची सगळी नोकरी स्फोटकांमध्ये गेली होती. त्यांनी दूध तापवलं, करंगळीने पारखलं, एकेक देठ चिमट्याने सोडला. पातेलं जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून माळ्याखालच्या कोपऱ्यात ठेवलं. मग घरातला पंखा बंद केला, दार आपटू नये म्हणून त्यात चप्पल सरकवली आणि पहाऱ्याला बसले. भर वैशाखात घामाच्या धारा लागल्या, पण उठले नाहीत. दुपारी एकदा राहवलं नाही म्हणून उघडून पाहिलं. देठ दुधात निवांत तरंगत होते. पी हळद नि हो गोरी असं दह्याच्या बाबतीत होत नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं.

उन्हं उतरल्यावर त्यांनी पुन्हा स्वेटर सोडला. पातेलं हलवलं, वरचा थर हलला नाही. दशरथराव एकटेच टाळी वाजवून हसले. देठ वेचून त्यांनी दही निळ्या झाकणाच्या डब्यात भरलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि पुरावा खिडकीबाहेर फेकला.

मायलेकी आल्या. मैत्री दिवाणखान्यात फोनवर बोलत बसली. राधाबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या, डबा उघडला, चमचाभर दही तोंडात घातलं आणि तशाच स्टुलावर बसल्या.

"अहो, हे कुठून आणलं?"

"कुठून म्हणजे? डब्यातलंच की."

"डब्यात संपतच्या दुकानातलं होतं," राधाबाई हळूच म्हणाल्या. "आईचं नासलं हो. मागच्या आठवड्यात दिवसभर लाइट गेली होती, बुरशी चढली. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली. दुकानातलं भरून ठेवलं. पोरीला तेच देणार होती, आजीचं म्हणून." त्यांनी निळ्या झाकणावरून बोट फिरवलं. "आई गेली तेव्हा मी रडली नाही. तो डबा घासताना रडली."

सकाळी ते दुकानातलं दही खाताना आपण 'वा, पवनीची चव!' असं म्हणालो होतो, हे दशरथरावांना आठवलं. ते त्यांनी मनातच ठेवलं.

राधाबाईंनी आणखी एक चमचा चाखला. "आईचंच आहे. शर्मिलाबाईंकडून आणलं ना? त्यांच्याकडं जिवंत असंल, मला वाटतच होतं. पण लोकांना जपा जपा म्हणून सांगणारी मी, कोणत्या तोंडानं मागू?"

मिरचीचे देठ दशरथरावांच्या अगदी ओठांवर आले होते. पण राधाबाईंनी मैत्रीचा डबा घेतला, त्यात हलक्या हाताने दही घातलं, झाकण लावून दोनदा दाबून पाहिलं. इतका आनंद त्या चेहऱ्यावर त्यांनी फार दिवसांनी पाहिला होता.

"हो," ते म्हणाले. "त्यांच्याकडचंच. फार जपलंय त्यांनी."

राधाबाईंनी पदराने डोळे पुसले. "थांबा, मी आत्ता भेटून येते त्यांना." आणि त्या लिफ्टकडे निघाल्यासुद्धा.

दशरथरावांच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितलेला होता. ते अनवाणी, दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पोचले आणि बेलवर बोट दाबून धरलं. दार उघडलं.

"तुम्ही... राधाचं विरजण... जिवापाड जपलंय," ते धापा टाकत म्हणाले. "तिच्या आईचं आहे ते. एवढंच लक्षात ठेवा."

शर्मिलाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. काही विचारायच्या आत लिफ्टचं दार सरकलं आणि राधाबाईंनी त्यांना घट्ट मिठीच मारली. कोणाचा हात लागला तरी पदर झटकणाऱ्या शर्मिलाबाई ताठ उभ्या राहिल्या. राधाबाई रडत होत्या. थोड्या वेळाने शर्मिलाबाईंचा एक हात अवघडत वर आला आणि राधाबाईंच्या पाठीवर फिरू लागला.

"जपायला नको?" त्या म्हणाल्या. "आईचं आहे ते. होतं नव्हतं सगळं दिलं मात्र मी. चमचाभर परत आणून द्या मला, आज रात्रीच लावते."